अर्ध्या मताचा हिशेब आणि बाभळगावचा सरपंच

लातूरकडे राजकारणाच्या गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास निघतं : विलासराव अर्ध्या मतानं पडले होते. ऐकणारा नव्या पिढीचा असला की तिथंच अडतो. उमेदवार हजार मतांनी पडतो, दहा मतांनी पडतो, फार तर एका मतानं पडतो. अर्धं मत कोणी टाकलं, आणि उरलेलं अर्धं गेलं कुठं?

गोष्ट खरी आहे. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत विलासराव देशमुख लातूरमध्ये जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून सुमारे ३५ हजार मतांनी हरले. सलग तीनदा निवडून आलेला, मंत्रिपद भूषवलेला माणूस घरच्याच मैदानात चीत झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी पक्षाबाहेर पडून विधान परिषदेची निवडणूक लढवली आणि तिथं अर्ध्या मतानं त्यांचा पराभव झाला. आता ही कारकीर्द संपली, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पण १९९९ मध्ये त्याच लातूरनं त्यांना सुमारे ९१ हजारांच्या मताधिक्यानं निवडून दिलं आणि १८ ऑक्टोबर १९९९ रोजी ते राज्याचे मुख्यमंत्री झाले.

अर्ध्या मताचं कोडं गणितानं सुटतं. पस्तीस हजारांनी पडलेला माणूस चार वर्षांत एवढा वर कसा येतो, हे कोडं जास्त अवघड आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर विधानभवनापासून बाभळगावच्या ग्रामपंचायतीपर्यंत मागं जावं लागतं.

अर्धं मत येतं कुठून?

आपण विधानसभेला मत देतो तेव्हा एका नावासमोरचं बटण दाबतो आणि काम संपतं. विधान परिषदेचं तसं नाही. परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० जागांवरचे सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात. इथं आमदार मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. मतदान गुप्त असतं, म्हणून तर निकालानंतर 'मतं फुटली' ही ओरड दरवेळी ऐकू येते.

मोजणी करताना प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. मग जिंकायला किती मूल्य लागेल ते ठरतं. त्याला कोटा म्हणतात. एकूण मूल्याला जागांच्या संख्येत एक मिळवून भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि येणाऱ्या आकड्यात १ मिळवायचा. जुलै २०२४ ची निवडणूक घ्या. २७४ आमदार मतदार होते आणि जागा ११. एकूण मूल्य २७,४००. त्याला १२ नं भागलं की २,२८३, अधिक १ म्हणजे २,२८४. आमदारांच्या भाषेत २२.८४ मतं. अर्धं, पाव, पाऊण मत इथूनच जन्माला येतं.

आता समजा एका उमेदवाराला पहिल्या पसंतीची २६ मतं पडली, म्हणजे २,६०० मूल्य. त्याला लागतात २,२८४. वरचे ३१६ वाया जात नाहीत. पाटाच्या पाण्याच्या पाळीत एकाचं रान भिजलं की पाणी पुढच्या रानात वळवतात, तसं हे जादा मूल्य त्या मतपत्रिकांवर दुसऱ्या पसंतीला ज्याचं नाव असेल त्याच्याकडे जातं. ३१६ भागिले २६, म्हणजे प्रत्येक मतपत्रिकेमागे १२. आधी शंभरची असलेली मतपत्रिका दुसऱ्या उमेदवाराच्या पारड्यात बाराची होऊन पडते. सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिकाही अशाच पुढे सरकतात. शेवटच्या जागेसाठी दोघं उरले आणि त्यांच्यात पन्नास-साठ मूल्याचं अंतर पडलं, तर हरणारा बोलीभाषेत अर्ध्या मतानं पडला.

थोडक्यात, कुणा आमदारानं मत फाडून अर्धं दिलं नव्हतं. त्या निवडणुकीचा हिशेबच शंभराच्या मापात होतो.

पहिली पायरी कोणती, हे कायद्यानं ठरवलं

नांदेड-लातूरच्या तीन मोठ्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. शंकरराव चव्हाण नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. शिवराज पाटील चाकूरकर लातूर नगरपालिकेचे अध्यक्ष होते. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. तिघंही स्थानिक कारभारातून वर आले, पण पहिले दोघं शहरातून आणि तिसरा गावातून. हा फरक योगायोगाचा नाही.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात लोकांनी निवडलेल्या कारभाऱ्यांची परंपरा फार तोकडी होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तेव्हा जिल्हा परिषद नावाची चीज अस्तित्वातच नव्हती. मुक्तिसंग्रामातून पुढे आलेल्या शिकल्या-सवरलेल्या कार्यकर्त्याला कारभाराचा अनुभव घ्यायचा तर शहरातली नगरपालिका हाच मोठा दरवाजा होता. शंकरराव त्या दरवाजानं आत गेले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि शंकरराव मंत्रिमंडळात उपमंत्री झाले. पुढे पाटबंधारे खात्यात त्यांनी घातलेलं लक्ष सर्वांना माहीत आहे. पैठणचं जायकवाडी धरण आणि नांदेडजवळचा विष्णुपुरी प्रकल्प ही नावं आजही त्यांच्या नावाला जोडूनच घेतली जातात. ते दोनदा मुख्यमंत्री झाले. पहिल्यांदा १९७५ ते १९७७ आणि नंतर १९८६ ते १९८८. दुसऱ्या खेपेला त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. गेल्या वर्षी अमुक रक्कम दिली म्हणून यंदा थोडी वाढवून द्या, ही सवय मोडायची आणि प्रत्येक खर्च गरजेचा आहे हे खात्यानं नव्यानं पटवून द्यायचं, अशी ती पद्धत. 'हेडमास्तर' हे विशेषण त्यांना उगाच चिकटलं नव्हतं.

चाकूरकर १९६७ ते १९६९ आणि पुन्हा १९७१-७२ मध्ये लातूरचे नगराध्यक्ष होते. १९७३ मध्ये ते विधानसभेत गेले, विधानसभेचे अध्यक्ष झाले, १९८० पासून लातूरमधून सलग सात वेळा लोकसभेत निवडून आले आणि १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष राहिले. लातूरच्या नगरपालिकेत सभा चालवणारा माणूस देशाच्या लोकसभेची सभा चालवू लागला.

खेड्यातला दरवाजा उघडला तो १ मे १९६२ ला. त्याआधी १९५७ मध्ये केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीनं गट, म्हणजे तालुक्याच्या पातळीला सर्वाधिक महत्त्व द्यावं असं सुचवलं होतं. महाराष्ट्रानं वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची समिती नेमली. त्या समितीनं जोर दिला जिल्ह्यावर. तिच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला. शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते, पाणीपुरवठा, पशुवैद्यकीय दवाखाने अशी रोजच्या जगण्यातली खाती जिल्हा परिषदेकडे आली. लोक तिला 'मिनी मंत्रालय' म्हणू लागले, आणि ते खरंच होतं. बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण अशा विषय समित्या, त्यांचे सभापती, वर अध्यक्ष, आणि प्रशासनाच्या बाजूला मुख्य कार्यकारी अधिकारी. राज्याच्या मंत्रिमंडळाची ही जिल्ह्यातली आवृत्ती होती. खेड्यातल्या तरुणाला मुंबई न पाहता मंत्रालयाची रीत शिकण्याची सोय झाली.

बाभळगाव, लातूर, उस्मानाबाद

विलासरावांचा जन्म २६ मे १९४५ चा. पुण्यात विज्ञान आणि कायद्याचं शिक्षण घेऊन ते लातूरजवळच्या बाभळगावात परतले आणि १९७४ मध्ये सरपंच झाले. १९८० पर्यंतच्या काळात त्यांनी उस्मानाबाद जिल्हा परिषदेचं सदस्यत्व आणि लातूर पंचायत समितीचं उपसभापतिपद, दोन्ही पाहिलं. आजच्या वाचकाला इथं दोन प्रश्न पडतील.

लातूरचा माणूस उस्मानाबादच्या जिल्हा परिषदेत कसा? कारण लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. तोवर लातूर हा उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, तालुका होता. एखाद्या शाळाखोलीची फाईल हलवायची तर पाऊणशे किलोमीटर जावं लागे. जिल्हा वेगळा व्हावा ही मागणी कार्यकर्त्यांना इतकी पोटतिडकीची का वाटत होती, ते यावरून समजतं.

दुसरा प्रश्न : एकच माणूस जिल्हा परिषदेतही आणि पंचायत समितीतही? त्या काळात जिल्हा परिषदेवर निवडून आलेले सदस्य आपोआप आपल्या तालुक्याच्या पंचायत समितीवर असत. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर हे बदललं. आता जिल्हा परिषदेचे गट वेगळे आणि पंचायत समितीचे गण वेगळे असतात. एका गटात दोन गण येतात आणि मतदार दोन स्वतंत्र मतं देतो. जुनी व्यवस्था सदोष असेल, पण तिच्यात एक फायदा होता. जिल्ह्यात मंजूर झालेलं काम तालुक्यात कुठं अडतं, हे एकाच माणसाला दोन्ही टोकांनी दिसायचं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. देशमुखांचं घराणं गावात मातब्बर होतं. जमीन, शिक्षण आणि नाव या तिन्ही गोष्टी गाठीशी असलेल्या तरुणाला सरपंच होणं जितकं सोपं होतं, तितकं त्याच गावातल्या भूमिहीन शेतमजुराच्या मुलाला नव्हतं. १९९३ नंतरच्या आरक्षणानं ही दारं काही प्रमाणात उघडली, आणि २०११ पासून महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखल्या. विधानसभेत मात्र हे पोचलेलं नाही. महिलांसाठी एक तृतीयांश जागांची १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण अंमलबजावणीला जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांची अट आहे. गावात सरपंच म्हणून पाच वर्षं उत्तम कारभार केलेली बाई विधानसभेच्या तिकिटाच्या रांगेत अजून मागंच उभी असते.

एका शाळाखोलीचं काम

स्थानिक कारभारात माणूस नेमकं काय शिकतो? भाषण करायला तो कुठंही शिकेल. इथं तो फाईल शिकतो. गावच्या शाळेची एक खोली पडायला आली आहे एवढी साधी गोष्ट घेऊ.

ग्रामसभेत विषय निघतो, ठराव होतो, ग्रामसेवक तो नोंदवतो. ठराव पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याकडे जातो. तिथून बांधकाम विभागाचा अभियंता येतो, खोली पाहतो आणि अंदाजपत्रक करतो : विटा किती, सिमेंट किती, मजुरी किती. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता लागते, म्हणजे हे काम या रकमेत नीट होईल असा अभियंत्याचा दाखला. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे यासाठी पैसे द्यायला हरकत नाही असा मंजुरीचा आदेश. त्यानंतर निविदा, मग कार्यारंभ आदेश. काम चालू झालं की झालेल्या कामाची मापं मोजमाप पुस्तिकेत लिहिली जातात. सगळे तिला एमबी म्हणतात. एमबीत नोंद नसेल तर भिंत उभी असूनही बिल निघत नाही. आणि एमबीत नोंद असूनही भिंत नसेल, तर ते लेखापरीक्षणात सापडतं. निदान सापडायला हवं.

या प्रत्येक टप्प्यावर कागद अडू शकतो. ठरावात जागेचा गट क्रमांक चुकला, अभियंत्याकडे वीस गावं आहेत, अंदाजपत्रक जुन्या दरसूचीनं केलं, मान्यता फेब्रुवारीत आली आणि मार्चएंड तोंडावर आला. जिल्हा नियोजनातून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्चायला पुढचं वर्षही मिळतं, हे ठाऊक असलेला सदस्य घाबरत नाही. ठाऊक नसलेला सदस्य ३१ मार्चला हात वर करतो. असे बारीक नियम कोणत्याही पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाहीत. आपल्याच गावची खोली रखडली आणि रोज सकाळी दारात येणारे पालक 'कधी होणार?' म्हणून विचारू लागले की ते पाठ होतात.

सरपंचाला आणखी एक विद्या येते, ती म्हणजे माणसं मोजण्याची. सरपंचावर अविश्वास ठराव येऊ शकतो, म्हणून कोण सोबत आहे, कोण कुंपणावर आहे, कोण रुसून बसला आहे, याचा अंदाज त्याला रोज घ्यावा लागतो. जून २००२ मध्ये विलासरावांचं आघाडी सरकार कोसळण्याच्या बेतात होतं. काही आमदारांनी पाठिंबा काढला होता, आमदारांना राज्याबाहेर नेऊन ठेवण्याची वेळ आली होती. विश्वासदर्शक ठरावात सरकार तरलं. तिथं मोजायच्या माणसांचा आकडा मोठा होता, पण विद्या तीच होती.

म्हणून ९१ हजार

आता दुसऱ्या कोड्याकडे येऊ. १९९५ मध्ये लातूरनं विलासरावांना नाकारलं तेव्हा त्यांचं आमदारपद आणि मंत्रिपद गेलं. पण पंधरा-वीस वर्षांत विणलेलं जाळं गेलं नाही. ग्रामपंचायतींतले कार्यकर्ते, पंचायत समितीतले जुने सहकारी, मांजरा सहकारी साखर कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद, सहकारी संस्थांतली माणसं जागेवर होती. आमदाराला लोक पाच वर्षांतून एकदा मत देतात. कारखान्याकडे सभासदाला दर गाळप हंगामात जावं लागतं, तर ग्रामपंचायतीत दर आठवड्याला. पडलेला नेता या रोजच्या व्यवहारात हजर राहिला तर लोकांना विसरू देत नाही.

१९९९ च्या निकालाला आणखीही कारणं होती. युती सरकारविषयीची नाराजी होती, काँग्रेसमध्ये फूट पडून नवी समीकरणं झाली होती. तरीही केवळ वाऱ्यावर आलेला उमेदवार वारा पडला की पडतो. खाली संस्था असलेला उमेदवार पुन्हा उभा राहतो. माझ्या मते विलासरावांच्या पुनरागमनाचं सगळ्यात मोठं कारण हेच. शेजारच्या बीड जिल्ह्यात गोपीनाथ मुंडे यांचीही सुरुवात जिल्हा परिषदेतूनच झाली होती. १९८० मध्ये रेणापूरमधून ते आमदार झाले, १९८५ मध्ये पडले, १९९० मध्ये पुन्हा आले. दोन वेगळ्या पक्षांतले हे दोन दोस्त एकाच शाळेतून तयार झाले होते.

१९९९ च्या सरकारात मुख्यमंत्री माजी सरपंच होता आणि ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेचे माजी सदस्य होते. २००० मध्ये सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान या काळातलं. गावाला अनुदान देऊन शौचालयं बांधून घेण्याची जुनी रीत बाजूला ठेवून गावांत स्पर्धा लावायची, गावानं स्वतः झाडू हाती घ्यायचा आणि बक्षीस गावाला मिळायचं. ही कल्पना चालली, कारण ती आखणाऱ्यांना गावातली ईर्ष्या कशी काम करते ते माहीत होतं. पुढे जानेवारी २०११ मध्ये विलासराव केंद्रात ग्रामविकास आणि पंचायत राज मंत्री झाले. बाभळगावच्या सरपंचाच्या टेबलावर देशभरच्या ग्रामपंचायतींचं खातं आलं. ते त्यांच्याकडे सहा महिनेच राहिलं, याची हळहळ वाटते. १४ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांचं निधन झालं.

सगळेच या वाटेनं येतात असं नाही. नांदेडचे अशोक चव्हाण १९८७ च्या पोटनिवडणुकीत थेट लोकसभेत गेले आणि पुढे मुख्यमंत्रीही झाले. पण लातूरमध्ये विलासरावांच्या पुढच्या पिढीतही धीरज देशमुख २०१७ मध्ये आधी लातूर जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि २०१९ मध्ये लातूर ग्रामीणचे आमदार झाले. घराणं मोठं असलं तरी ही पायरी वगळली नाही.

सरपंचाला मत नाही

गाव आणि विधिमंडळ यांना जोडणारा एक धागा घटनेनंच विणून ठेवला आहे. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा 'स्थानिक प्राधिकारी संस्था' मतदारसंघाच्या आहेत. नांदेडची एक जागा. उस्मानाबाद-लातूर-बीड मिळून एक जागा. या आमदाराला सामान्य माणूस मत देत नाही. स्थानिक संस्थांत निवडून आलेले लोक देतात.

चौकट : कोण कोणाला निवडतं?

ग्रामपंचायत : गावातले मतदार सदस्य निवडतात. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आणली गेली. विलासरावांच्या काळी सदस्यच सरपंच निवडत.

पंचायत समिती आणि जिल्हा परिषद : मतदार गणातून आणि गटातून सदस्य निवडतात, सभापती आणि अध्यक्ष सदस्यांमधून होतात. २०१७ च्या निवडणुकीत नांदेडला ६३ आणि लातूरला ५८ गट होते.

महापालिका : २०१७ मध्ये लातूरला ७०, नांदेड-वाघाळ्याला ८१ नगरसेवक.

स्थानिक संस्थांचा विधान परिषद आमदार : मतदार म्हणजे जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती आणि नगरसेवक. सरपंच किंवा ग्रामपंचायत सदस्य यांना इथं मत नाही.

नांदेडचे मतदार पाचशेच्या आत असतात, तीन जिल्ह्यांच्या मतदारसंघात हजाराच्या आसपास. मतदार इतके थोडे की उमेदवाराला प्रत्येकाचं नाव, गाव, सोयरीक आणि नाराजी माहीत असते. या निवडणुकीत पैसा आणि सहली यांचीच चर्चा जास्त होते, आणि ती निराधार नाही. पण या जागेमागचा हेतू मोलाचा आहे. जिल्हा परिषदेचा निधी का थकला, नगरपालिकेच्या पाणीयोजनेचा प्रस्ताव कुणाच्या टेबलावर पडून आहे, हे विचारायला विधिमंडळात एक हक्काचा माणूस असावा. त्याच्या हाती तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी सूचना असते. शिवाय विधिमंडळाची पंचायत राज समिती आहे. तिचे आमदार जिल्ह्यात येऊन जिल्हा परिषदेच्या लेखापरीक्षणातले आक्षेप एकेक करून तपासतात आणि अधिकाऱ्यांची साक्ष घेतात. त्या टेबलावर एमबी म्हणजे काय हे माहीत असलेला आमदार बसला की अधिकाऱ्याचं उत्तर लांबत नाही.

मतदारच नसले तर

२०१७ मध्ये निवडून आलेल्या नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षी दोन्ही महापालिकांचीही संपली. घटनेचा अनुच्छेद २४३-ई सांगतो की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झालीच पाहिजे. झालं उलट. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद, गट आणि प्रभागांच्या रचनेतले बदल यांत प्रकरण अडकलं आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षांहून अधिक काळ उलटला होता.

त्याचा परिणाम वरपर्यंत कसा गेला ते पाहा. नांदेडचे विधान परिषद आमदार अमर राजूरकर यांची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपली. उस्मानाबाद-लातूर-बीडचे सुरेश धस यांची २०२४ मध्ये. या जागांसाठी निवडणूक घ्यायची तर किमान ७५ टक्के स्थानिक संस्था कार्यरत असाव्यात आणि ७५ टक्के मतदार उपलब्ध असावेत, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. इथं तर मतदारच नव्हते. जिल्हा परिषद सदस्य नाहीत, सभापती नाहीत, नगरसेवक नाहीत. २०२५ उजाडलं तरी दोन्ही जागा भरता आल्या नव्हत्या. खालची पायरी काढून घेतली की वरचं पद आपोआप रिकामं पडतं, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही.

जिल्हा नियोजन समितीचंही तेच. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरसंस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत असं घटना सांगते. ते सदस्यच नसल्यावर जिल्ह्याच्या पैशांचं नियोजन पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी यांच्यातच राहतं. आमदाराला स्वतःच्या स्थानिक विकास निधीचे वर्षाला ५ कोटी रुपये असतातच. गल्लीतला सिमेंट रस्ता, सभागृह, हायमास्ट दिवा ही गटातल्या सदस्यानं करायची कामं आमदाराच्या नावाच्या फलकाखाली होऊ लागली. आमदाराचं मुख्य काम कायदे तपासणं आणि सरकारला प्रश्न विचारणं हे आहे. तो गल्लीच्या रस्त्यात गुंतला की ते काम कोणी करत नाही. दुसऱ्या बाजूला, पंचविशी-तिशीतल्या ज्या मुला-मुलींनी या काळात गट, गण किंवा प्रभाग लढवून फाईल शिकायची होती, त्यांची उमेदवारीची वर्षं फुकट गेली. प्रशासक कार्यक्षम असेलही, पण तो बदलीनं जातो आणि आपल्या मागे एकही नवा कार्यकर्ता तयार करून जात नाही. हे नुकसान कुठल्याच लेखापरीक्षणात दिसत नाही. दहा-पंधरा वर्षांनी विधानसभेत बसलेल्या माणसांकडे पाहिलं की ते दिसेल, आणि तेव्हा भरून काढता येणार नाही.

म्हणून विधानसभेसाठी मत मागायला कोणी दारात आला, तर त्याचा पक्ष आणि भाषण बाजूला ठेवून तीन प्रश्न जरूर विचारा. कोणत्या स्थानिक संस्थेत किती वर्षं काम केलं? कोणत्या समितीवर होता? स्वतः पाठपुरावा करून पुरं केलेलं एक काम दाखवा. आणि तुमच्या गावची पुढची ग्रामसभा चुकवू नका. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. तिथं उभं राहून गावच्या अंदाजपत्रकाची प्रत मागा.